अकरा नंबरचा वाफा

१२ मार्च

आज पाकीट बंद झालं. सरकत्या छपराखालच्या शेतात अठरा वाफे आहेत, अठरा भाताचे वाण, आणि कुठल्या वाफ्यात कोणाचा वाण लावलाय हे फक्त आकडेवाल्या बाईंना ठाऊक. त्यांनीच चिठ्ठ्या टाकून जागा ठरवल्या, त्यांनीच रोपं लावून घेतली आणि आज सगळी नोंद जाड पाकिटात घालून साहेबांच्या कपाटात ठेवून दिली. आम्ही फक्त वाफ्यांना गुण द्यायचे. फुलोऱ्याच्या तोंडावर पाणी तोडायचं, वरून ऊन तापू द्यायचं आणि कोण तगतंय ते बघायचं. जो तगेल तो पुढे देशभरातल्या चाचण्यांना जाईल. एकच जाईल.

गुण देणाऱ्या दोघी. एक मी, या केंद्रात केस पांढरे केलेली. दुसरी धाकटी. म्हणजे माझी सख्खी जाऊ. दिराने लग्न करून आणली तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "बघ, तुझ्याच विषयातली आहे, तुला सोबत झाली." सोबत मागितली कोणी होती? वर्षभरात ती केंद्रातही आली, माझ्याच विभागात, माझ्याच खोलीत, खिडकीजवळच्या टेबलावर. मी इतकी वर्षं भिंतीकडे तोंड करून बसते.

अठरांत एक वाण माझा आहे आणि एक तिचा. बाकीचे इकडचे तिकडचे, त्यांच्याबद्दल कोणालाच आशा नाही. माझ्या वाणाला कागदावर लांबलचक आकडा आहे, पण मी त्याला हट्ट्या म्हणते. बारा वर्षांपूर्वी चांगल्या दाण्याच्या भाताचा डबक्याकाठच्या रानभाताशी संकर केला, त्यातून निवडत निवडत इथवर आणलाय. नाव आईवर गेलंय असं आमच्या ह्यांचं म्हणणं. ह्यांचं चष्म्याचं दुकान आहे, दिवसभर लोकांना बारीक अक्षरं वाचायला लावतात आणि संध्याकाळी मला चिडवतात.

दोन वर्षांनी मी निवृत्त होणार. त्याआधी माझा एक तरी वाण लोकांच्या शेतात उभा दिसावा, एवढीच इच्छा आहे. धाकटीला अजून वीस वर्षं पडलीत.

१९ मार्च

ओळखला! वाफा नंबर तीन. हिरवागार, ताठ, वरचं पान तलवारीसारखं उभं. बाकीच्या वाफ्यांत असा डौल कुठेच नाही. पाकीट बंद असलं म्हणून काय झालं, आई आपलं पोर हजारांत ओळखते. बोलले अर्थातच कोणाला नाही, तसा नियमच आहे.

मग धाकटीचा कुठला, ते बघत फिरले. ती अकरा नंबरपाशी उकिडवी बसून किती वेळ काहीतरी न्याहाळत होती. तेव्हाच समजले. अकरा म्हणजे फताड्या बुंध्याचा, पानं जरा खरखरीत, रानटी दिसणारा वाफा. तिच्यासारखा नाजूक मुळीच नाही. मला बघून चटकन उठली आणि हसली. हसण्यासारखं काय होतं?

२ एप्रिल

आज पाणी तोडलं. आता ढग आला तर छप्पर सरकवायचं, एरवी नुसतं ऊन.

दुपारी डबा खाताना धाकटी म्हणाली, "ताई, तुमच्या वाणात ते रानभात आहे ना, त्याची फुलं कधी पाहिलीत तुम्ही? म्हणजे दिवसाच्या कुठल्या वेळेला?"

मी म्हटलं, "बारा वर्षं झाली गं. संकरासाठी कोणीतरी आदल्या संध्याकाळी लोंब्या तोडून आणल्या होत्या. का?"

"काही नाही, सहज."

सहज म्हणे. ही बाई सहज काही करत नाही. माझ्या वाणाच्या आईबापांची चौकशी कशाला? पुढचा संकर माझ्याच मालावर करायचा बेत दिसतोय. मी पाण्याची बाटली उचलून उठले. ती मागून म्हणाली, "आणि हट्ट्याची? त्याची फुलं?"

वाण एकदा स्थिर झाला की त्याची फुलं कोण बघत बसतं? भात आपलं आपण फळतं. आम्ही दाणे बघतो. एवढं तिला शिकवायला हवं का?

९ एप्रिल

लोंब्या बाहेर पडायला लागल्या. आणि धाकटी रोज पहाटे उजाडायच्या आत स्कूटर काढून केंद्रावर जायला लागलीय. सकाळी सासूबाईंच्या साखरेचं इंजेक्शन, त्यांचा नाश्ता, ह्यांचा डबा हे सगळं आटपून मी दहाला पोचते. मुलं लहान होती तेव्हाही दहालाच पोचत होते. आणि ही वरच्या मजल्यावरून पाय न वाजवता निघून जाते.

सासूबाई म्हणाल्या, "बिचारी किती पहाटे जाते गं. कामाची फार ओढ आहे."

"आणि मी काय लोळत पडते?" इंजेक्शनची सुई हातात असताना हे बोलायला नको होतं. त्यांनी दंड आक्रसून घेतला.

"तुझं वेगळं गं," त्या म्हणाल्या. "तू घरची आहेस."

म्हणजे ती कोण, पाहुणी? घरची म्हणून मी दहाला पोचायचं, आणि पाहुणी म्हणून तिने पहाटे जाऊन नाव कमवायचं.

११ एप्रिल

आजचा दिवस सोन्याचा!

दहा वाजता छपराखाली शिरले. उन्हाने डोळे दिपत होते. माझा तीन नंबर नुसता फुललेला. प्रत्येक लोंबीवर तुसं उघडलेली, पिवळे परागकोष बाहेर डोलताहेत. एवढ्या उन्हात, पाण्याशिवाय. मी दोन लोंब्या हाताने उचलून नुसती बघत राहिले. पोटभर आनंद झाला.

मग अकरा. एकही फूल उघडं नाही. साडेदहा, अकरा, साडेअकरा झाले तरी नाही. तुसं घट्ट मिटलेली. बाहेर सुकलेले परागकोष चिकटले होते काही ठिकाणी, पण ते कालचे असणार, किंवा उन्हाने जळून बाहेर पडले असतील. रोजच तसे दिसतात. एकूण काय, फुलोरा धरतच नाही. मी फुलोऱ्याच्या रकान्यात शून्य दिलं आणि पेन बंद केलं.

खोटं कशाला बोलू, शून्य लिहिताना बरं वाटलं. शिळा राग बाहेर पडल्यासारखं.

खोलीवर आले तर धाकटी बाहीवरची पिवळसर पूड झटकत होती. म्हणाली, "ताई, एक दिवस माझ्याबरोबर पहाटे याल का? सासूबाईंचं मी ह्यांना सांगते, ते देतील इंजेक्शन."

दीर इंजेक्शन देणार! त्याला रक्त बघून घेरी येते. आणि तिचं कौतुक बघायला मी पहाटे उठून का जावं? म्हटलं, "माझी दहाची वेळ बरी आहे. भाताची फुलं दहाला उघडतात, पहिल्या वर्षाच्या पोरांनाही माहीत असतं."

ती काहीतरी बोलणार होती. मग वही उचलून बाहेर गेली.

१३ एप्रिल

आज ह्यांनी धाकटीला चष्मा बनवून दिला, शेतात जवळचं बघायला. फुकट. मला कधी विचारलंय? मी मागितला नाही हे खरं. पण विचारायला काय जातं?

१५ एप्रिल

गुणांची बैठक. अठरा वाफ्यांपैकी सोळांत आमचे गुण जवळजवळ सारखे. अडलं ते तीन आणि अकरावर. तीनला मी सगळ्यांत वर ठेवलं, तिने तळाशी. अकराला मी शून्य, तिने पैकीच्या पैकी.

साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. "अहो, तुम्ही दोघी एकाच शेतात गेला होता ना?"

धाकटी म्हणाली, "सर, तीन भर उन्हात फुलतोय. पराग तिथल्या तिथे मरताहेत, सगळा पोचट निघेल. आणि अकरा..."

"तीन पोचट?" माझा तोल गेला. माझ्या पोराला माझ्यासमोर पोचट म्हणते! "अकराला एक फूल धरत नाही आणि त्याला पैकीच्या पैकी? एवढी माया कशासाठी, जरा सांग की."

नियमामुळे मी पुढे बोलले नाही, पण बोलायचं ते सगळ्यांना कळलं. आकडेवाल्या बाईंनी मान खाली घातली. धाकटीचे कान लाल झाले. "सर, मला थोडा वेळ द्या. अकरा उपटू नका. ताईंनी एकदा फक्त पहाटे..."

गुणांत एवढा फरक पडला तर ज्येष्ठाचं मत धरायचं, हा इथला जुना नियम आहे. बाद झालेले वाफे लगेच उपटून मुळं मोजायची, हाही. साहेब माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमचा शब्द शेवटचा. पक्कं ना?"

"पक्कं," मी म्हटलं.

घरी आल्यावर दोघींनी जिन्यात एकमेकींना नुसती वाट दिली.

१६ एप्रिल

अकरा उपटला. मजुरांनी चारी बाजूंनी चर खणला, तरी मुळं संपेनात. एकजण म्हणाला, "बाई, हे विहिरीला चाललंय की काय?" पाण्याच्या झोताखाली धुतली तेव्हा माझ्या कमरेइतकी लांब भरली. एवढी मुळं मी माझ्या हट्ट्याच्या आजवरच्या पिढ्यांतच पाहिली होती. असेल, तिच्या वाणातही एखादा चांगला गुण असेल. मुळांनी पोट भरत नाही, दाणा भरायला लागतो.

धाकटी चराच्या काठावर उभी होती. तिचे डोळे भरले होते. मला वाटलं होतं हे बघून मला मजा येईल. तितकीशी आली नाही.

१७ एप्रिल

आता मात्र हद्द झाली! गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले तर टाकीमागे तीन बादल्या. प्रत्येकीत भाताचा एकेक ठोंब, मातीच्या ढेकळासकट. खरखरीत पानं, फताडा बुंधा. अकरा नंबर! उपटून टाकलेल्या ढिगातून उचलून आणलेत.

केंद्राचं रोप घरी आणणं म्हणजे सरळसरळ चोरी. आपल्या वाणावर जीव असतो, मान्य. पण हरल्यावर हार घ्यायला शिकावं. सोमवारी साहेबांच्या कानावर घालायचं ठरवलंय. घरच्या माणसाची तक्रार करायची वेळ आणली तिने.

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "तीन बादल्या भात. त्याने तुझ्या पोटात का दुखतंय?"

"माझ्या पोटात काही दुखत नाही."

"मग दोन दिवस जेवत का नाहीस?"

१९ एप्रिल

कसं लिहू कळत नाही.

आज पाकीट फोडलं. मी मुद्दाम चांगली साडी नेसून गेले होते. साहेबांनी वाचायला सुरुवात केली. एक, दोन, मग तीन. तीन नंबरपुढे धाकटीचं नाव. मला वाटलं चुकून वाचलं. साहेब हसून तिला म्हणाले, "अभिनंदन! ज्येष्ठांनी तुमच्याच वाणाला पहिलं ठेवलंय, आणि तुम्ही स्वतः त्याला तळाशी टाकलं होतं." ती हसली नाही.

मग सगळे वाचत गेले. अकरा आला तेव्हा साहेब थांबले, आधी माझ्याकडे बघितलं आणि मग माझं नाव वाचलं.

मी माझ्या हाताने माझा हट्ट्या उपटायला लावला. मजुरांना म्हटलं होतं, खोल खणा, काही राहायला नको.

आकडेवाल्या बाईंनी पाण्याचा पेला पुढे केला. धाकटी काहीतरी बोलायला उठली, पण मी पर्स उचलून बाहेर आले. शीतकपाटात बी आहे, वाण मेलेला नाही, हे मलाही कळतं. पण ही चाचणी पुन्हा तीन वर्षांनी. तेव्हा मी केंद्रात नसेन.

२० एप्रिल

सुट्टी. पडून राहिले. सासूबाईंना इंजेक्शन दिलं तेवढंच. त्यांनी नुसता हात धरून ठेवला.

२१ एप्रिल

सकाळी सहाला दार वाजलं. धाकटी. केस विस्कटलेले, पायात चपला नाहीत. "ताई, वर चला."

"मला नाही यायचं."

"भांडायचं तर वर येऊन भांडा. पण आत्ता चला, नंतर मिटतील."

माझ्या मागे हे स्वयंपाकघरात शिरले आणि म्हणाले, "जा. सुई मी टोचतो, आईचं नशीब."

गच्चीवर कोवळं ऊन नुकतं कठड्यावर आलं होतं. तिने मला बादल्यांपाशी बसवलं, तिचा नवा चष्मा माझ्या नाकावर ठेवला. मागाहून आलेल्या फुटव्यांच्या लोंब्यांवर एकेक तूस हळूच उघडत होतं, आतून परागकोष बाहेर येऊन थरथरत होते. एक, मग त्याच्या शेजारचं, मग सगळी लोंबी. मी बघत होते. ऊन तापायच्या आत सगळी तुसं पुन्हा मिटली. बाहेर राहिले ते सुकायला लागलेले परागकोष. ज्यांना मी कालचे म्हटलं होतं.

"रानभाताकडून आलंय हे," ती म्हणाली. "उन्हाच्या आत सगळं उरकून घेतो. म्हणून तुम्हाला दहाला कधीच दिसलं नाही."

पहिल्या लोंब्या आता वाकल्या होत्या. तिने एक दाणा माझ्या बोटांत दिला. दाबला तर दूध आलं, घट्ट दूध.

मी विचारलं, "हा माझा आहे हे तुला कधी कळलं?"

"मार्चमध्येच. हट्ट्याची पानं हाताला लागतात ना, तशी कोणाचीच लागत नाहीत. आणि तीन माझा हेही तेव्हाच कळलं होतं. आपलं पोर ओळखायला येतंच की, ताई."

मी मान वर केली नाही.

"मग स्पष्ट का नाही सांगितलंस, बये?"

"वाफ्यांचं बोलायचं नाही असा नियम. आणि तुमच्याशी..." तिने बादलीतलं एक पान सरळ केलं. "तुमच्याशी बोलायची भीती वाटते हो. तुम्ही माझ्याकडे बघताच अशा."

कशी बघते हे मला विचारायची गरज पडली नाही.

२३ एप्रिल

साहेबांना मीच बोलावलं. पहाटे आले, धापा टाकत तीन जिने चढले, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. बादल्या घरी कशा आल्या हे विचारायला तोंड उघडलं, तेवढ्यात पहिलं तूस उघडलं आणि ते विसरले. आकडेवाल्या बाईही आल्या होत्या. तासभर सगळे बघत बसलो. मग साहेबांनी वाकलेल्या लोंब्यांचे दाणे एकेक दाबून पाहिले. शेतावर तीन नंबरच्या लोंब्या आज ताठ उभ्या आहेत, पांढऱ्या, पोकळ. धाकटीने त्याही एका पिशवीत आणून त्यांच्यापुढे ठेवल्या. स्वतःच्या.

साहेब म्हणाले, "पण गुण तर तुम्हीच शून्य दिले होते. पक्कं म्हणालात."

"चुकीच्या वेळी पाहिलं, सर," मी म्हटलं. एवढं पुरलं असतं. ते मान हलवत होते. पण धाकटी कठड्याशी उभी होती, माझ्याकडे न बघता. "आणि चुकीच्या नजरेनं. मला वाटलं अकरा हिचा आहे."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, तीनचं नाव मागे घेतो, अकरा पुढे पाठवायला शीतकपाटातलं बी काढा, वरच्यांना काय सांगायचं ते मी बघतो. मग शिसपेन्सिल काढून विचारलं, "नोंदीत लिहायला हवं. फुलं पहाटे उघडतात, हे आधी कोणाच्या लक्षात आलं?"

धाकटी म्हणाली, "वाण ताईंचा आहे, सर. ताईंचंच नाव..."

"हिच्या," मी म्हटलं. "हिच्या लक्षात आलं. लिहा."

ते गेल्यावर तिने चहा आणला. दोघी टाकीला टेकून बसलो. हट्ट्या जाणार, बारा वर्षांनी माझा वाण लोकांच्या शेतात जाणार. मला आनंदाने रडू यायला हवं होतं, आणि आलंही. पण रडताना मनात दुसरंच चाललं होतं, आणि ते इथे नाही लिहिलं तर कुठे लिहू. पहिल्या लोंबीचं पहिलं फूल उघडलं ती पहाट. मी घरी इंजेक्शनची बाटली हलवत होते, आणि ती तिथे शेतात एकटी बसून बघत होती. माझा हट्ट्या पहिल्यांदा कोणासमोर फुलला, तो तिच्यासमोर.

मी तिला विचारलं, "पहिल्या दिवशी कसा दिसत होता?"

ती सांगत राहिली. मी दोनदा सांगायला लावलं.